सुरबायाला बदली होऊन राहिली आहे: शहर कसं आहे, घर कुठं घ्यावं?

खामल्याचा_खटपट्या

नमस्कार मंडळी. कंपनीनं इंडोनेशियातल्या ग्रेसिकच्या कारखान्यावर पाठवायचं नक्की केलं आहे, दोन वर्षांसाठी. राहायचं मात्र शेजारच्या सुरबायात, कारण पोरीची शाळा तिथंच पाहावी असं सगळे सांगतात. मी इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सचा माणूस, बायको घरूनच अकाउंट्सचं काम करते, मुलगी तिसरीत. आई मधूनमधून येऊन राहील. तिला कांदा-लसूण चालतो, पण अंडंसुद्धा चालत नाही.

नेटवर शोधावं तर बाली, बाली आणि बाली. सुरबायाबद्दल सगळीकडे तेच लिहिलेलं: इंडोनेशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, बंदर आहे, कारखाने आहेत, बघण्यासारखं विशेष काही नाही, ब्रोमोच्या ज्वालामुखीला जाताना एक रात्र मुक्काम करा. अरे, पण मला मुक्काम नाही करायचा, संसार मांडायचा आहे!

घरांच्या एजंटनं शहराच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या वसाहतीतले बंगले दाखवले. गेट, सिक्युरिटी, क्लब, जवळच मॉल. फोटो चकाचक आहेत. पण का कोण जाणे, जीव लागून नाही राहिला. कोणी तिथं राहिलेलं आहे का? उन्हाळा, शाकाहारी जेवण, घर, लोक, जे माहीत असेल ते सांगा. नागपूर सोडून आम्ही कुठंच राहिलेलो नाही, हेही लक्षात घ्या.

---

इतवारी_एक्स्प्रेस

भाऊ, मी होतो तिथं बरीच वर्षं. सूतगिरणीत मेन्टेनन्सला. म्हणजे तुमच्याच बिरादरीतला समजा.

आधी त्या "बघण्यासारखं काही नाही"चं पाहू. हे आपण जन्मभर ऐकत आलो नाही का? पुण्या-मुंबईचा पाहुणा नागपूरला उतरला की स्टेशनवरच विचारतो, ताडोब्याला गाडी किती वाजता निघते. सुरबायाचं नशीब तेच. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २८ लाख ७० हजारांच्या घरात होती, आजूबाजूचं ग्रेसिक, सिदोआर्जो धरलं तर कितीतरी जास्त. पूर्व जावा प्रांताची राजधानी, नौदलाचा मोठा तळ, तांजुंग पेराक बंदर, जहाजबांधणी. लक्ष्मी मित्तल यांनी १९७६ मध्ये पहिला पोलाद कारखाना काढला तो इथंच, सिदोआर्जोत. कामाचं शहर आहे. पाहुण्यासाठी पावडर लावून बसत नाही. मला त्यामुळेच आवडलं.

उन्हाळ्याचं सांगतो, कारण नागपूरकर इथं हमखास फसतो. ४६ अंश पाहिलेला माणूस "३३-३४ ना? त्यात काय!" म्हणून छाती काढून जातो. तिथं हवा ओली. घाम सुकतच नाही. आपल्याकडं मे महिन्यात निदान कूलर लावला की खस भिजते आणि खोली गार पडते. तिथं कूलरचा काही उपयोग नाही, कारण हवेतच पाणी. रात्रीही पारा फारसा उतरत नाही. आणि हिवाळा नावाची गोष्टच नाही, संत्र्याच्या दिवसांतली ती सकाळची थंडी विसरा. सगळ्यात त्रासाचा महिना ऑक्टोबर: सूर्य डोक्यावर आणि पाऊस अजून आलेला नसतो. मग नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत दुपारी धो धो. शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे आपलं पावसाळ्याचं गणित उलटं करून ठेवायचं.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. तिथं सकाळी पाच-साडेपाचला उजाडतं आणि संध्याकाळी सहाच्या आत सूर्य गेलेला असतो, वर्षभर. शाळा साडेसहा-सातला भरतात. पोरगी पहिला महिना रडेल. मग रात्री आठला आपोआप झोपेल आणि तुम्हाला बरं वाटेल.

आता घराचा प्रश्न, आणि इथं माझं मत पक्कं आहे. शक्य असेल तर पश्चिमेकडच्या वसाहतीत जाऊ नका. मध्य शहरात, एखाद्या कांपुंगला लागून घर घ्या.

कांपुंग म्हणजे मोठ्या रस्त्यांच्या पोटात दडलेली गल्लीबोळांची वस्ती. तुंजुंगानच्या रस्त्यावर हॉटेलं आणि दुकानं, आणि त्यांच्या पाठीमागं दोन पावलं आत शिरलं की केतांदान नावाचा अख्खा मोहल्ला. बाहेरच्याला पत्ताच लागत नाही. गल्ली जेमतेम दोन मोटारसायकली एकमेकींना घासून जातील एवढी. तोंडाशी पाटी: इथं उतरा, गाडी ढकलत न्या. आणि लोक खरंच उतरतात! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं पोलीस उभा असेल. कोणी नव्हतं. हेल्मेट घातलेला एक पोट्टा इंजिन बंद करून, समोसमोरच्या घरांतल्या म्हाताऱ्यांना मान लववत, गाडी ढकलत आत चालला होता. आपल्याकडं नागपूरच्या महाल भागात हे करून दाखवा, मी तुमच्या घरी पाणी भरीन.

आत फरशीवर रंग, दोन्ही बाजूंना कुंड्या. तेलाच्या डब्यात, फुटक्या बादलीत, जुन्या हेल्मेटमध्येसुद्धा लावलेल्या. भाजीवाला ढकलगाडी घेऊन दारात येतो, सगळ्या बायका तिथंच भाव करतात आणि अर्ध्या तासात कोणाच्या घरी काय शिजणार हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. गल्लीचा एक निवडलेला प्रमुख असतो. पाहुणा रात्री मुक्कामाला आला तर चोवीस तासांच्या आत त्याला कळवा, अशी पाटी जागोजागी. रात्री लोखंडी फाटक बंद. तुमच्या आईला हे सगळं परक्या देशातलं वाटणारच नाही.

आणि बायकांची एक फौज असते, डासांच्या अळ्या तपासणारी. ठरलेल्या दिवशी टॉर्च घेऊन घरात शिरतात, थेट न्हाणीघरात. तिथल्या जुन्या घरांत आंघोळीच्या पाण्याचं सिमेंटचं टाकं असतं, त्यात टॉर्च मारून बघतात. अळी सापडली की तुमची गल्लीभर शोभा. माझ्या घरमालकिणीनं तर त्यांच्या येण्याच्या आदल्या रात्रीच टाकं घासून ठेवायचं, आपल्याकडं लक्ष्मीपूजनाच्या आधी घासतात तसं. नागपुरात दर पावसाळ्यात डेंग्यू होतो, कूलरच्या टाकीत तेच पाणी महिनाभर साचलेलं असतं, आणि महापालिकेचा माणूस आला तर आपण आतून ओरडतो, "नंतर या".

ही वस्ती अशी आपोआप झाली नाही. बहुतेक शहरांनी झोपडपट्टी म्हटलं की बुलडोझर काढला. सुरबायानं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वेगळाच रस्ता धरला: माणसं जिथं आहेत तिथंच ठेवायची, गल्लीत फरशी, नाली, पाणी, संडास द्यायचे आणि लोकांनी स्वतःचे थोडे पैसे आणि श्रम घालायचे. पुढं जागतिक बँकेचा पैसा आला. १९८६ मध्ये याच कामाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. गल्लीच्या सुधारणेला वास्तुकलेचा पुरस्कार!

नंतर २०१० ते २०२० महापौर होत्या त्री रिस्महारिनी, सगळे "बू रिस्मा" म्हणायचे. शिकलेल्या वास्तुविशारद, आधी महापालिकेच्या बागा आणि सफाईच्या खात्यात अधिकारी. त्यामुळे बाई बागा लावायला लागल्या तर कोणाला आश्चर्य वाटलं नाही. जुने पेट्रोलपंप, रस्त्यांचे कोपरे, बंद पडलेला कचरा डेपो, सगळीकडे झाडं. २०१४ मध्ये बुंगकुल बागेत कुण्या कंपनीनं फुकट आइस्क्रीम वाटलं, गर्दीनं फुलझाडं तुडवली, तर बाई स्वतः येऊन चारचौघांत कडाडल्या. व्हिडिओ देशभर फिरला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी डॉली नावाची मोठी वेश्यावस्ती बंद केली. तिथल्या बायकांचं पुढं काय, यावर खूप वाद झाले, आणि तो वाद मला अजूनही रास्त वाटतो. सगळंच आरती ओवाळण्यासारखं नव्हतं.

जेवणाचं रात्री लिहितो. जेवायला बोलावून राहिले.

---

शंकरनगर_चौक

इतवारीभाऊंचं सगळं मान्य, पण कांपुंगचं जरा जास्तच गोड चित्र काढलं त्यांनी. 😀 मी नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथं राहिले, आणि त्याच पश्चिमेकडच्या वसाहतींपैकी एकीत. तिला लोक गमतीनं सिंगापूर म्हणतात, सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला तो पुतळासुद्धा उभा केलाय.

खटपट्या, तुम्ही दिवसभर कारखान्यात असाल. घरात असणार तुमची बायको, आणि तिचा कॉल चालू असताना समोरच्या मशिदीचा भोंगा, शेजाऱ्याचा कराओके आणि कोंबडा, हे सगळं कांपुंगात एकाच वेळी असतं. भिंतीला भिंत लागलेली. गाडी दारापर्यंत येत नाही. पोरगी तापानं फणफणली आणि बाहेर पाऊस पडत असेल, तर तिला कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं. त्या वेळी कुंड्या दिसत नाहीत.

पश्चिमेकडं रस्ते रुंद, ग्रेसिकला जायचा टोल रस्ता जवळ, इंग्रजी माध्यमाच्या शाळा जवळ. मात्र माझीही तक्रार आहेच: वसाहतीत मला शेजारणीचं नाव कळायला अख्खा पावसाळा गेला. मोलकरणी एकमेकींना ओळखायच्या, मालकिणी नाही.

आणि हे नीट ऐका: भाडं महिन्याचं नसतं, बहुतेक ठिकाणी वर्षाचं एकदम आगाऊ मागतात, कधी दोन वर्षांचं. कंपनीकडून हे आधीच लिहून घ्या. आकडा ऐकून घाबरू नका, तिथल्या नोटांवर शून्यांची रांग असते. अंदाजासाठी सांगते, २०२४ मध्ये शहराचं किमान वेतन महिन्याला सुमारे ४७ लाख रुपिया होतं, म्हणजे आपले पंचवीस हजारांच्या आसपास.

---

तर्री_एक्स्ट्रा

म्हणजे खटपट्याभाऊ तिथं पहिल्याच महिन्यात करोडपती. अभिनंदन, इकडं येताना सावजीची पार्टी द्या.

---

इतवारी_एक्स्प्रेस

वहिनींचा भोंग्याचा आणि भिंतीचा मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणूनच मी "कांपुंगला लागून" म्हटलं, "कांपुंगात" नाही. दारमो भागात बघा. डच काळातली जुनी वसाहत आहे, मोठी झाडं, रुंद फुटपाथ, बुंगकुलची बाग चालत जाण्यासारखी, आणि मुख्य रस्त्याच्या मागं लगेच गल्ल्या. रविवारी सकाळी दारमोचा हमरस्ता गाड्यांना बंद असतो. सगळं शहर सायकली आणि पोरंबाळं घेऊन उतरतं. ग्रेसिकला सकाळी लवकर निघालात तर पाऊण ते एक तास धरा. तसेही पाचला जागे व्हालच.

जेवण. मांस खाणाऱ्यांची चंगळ आहे, त्यात सावजीवर वाढलेल्या माणसाची तर विशेष. रावोन नावाचा गोमांसाचा काळाकुट्ट रस्सा, केलुवाक नावाच्या बीमुळे काळा होतो. पण तुमच्या प्रश्नात आई आहे, म्हणून तिचंच सांगतो.

भाज्या, टोफू, तेंपे मुबलक. तेंपे म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी. आपण विदर्भात एवढं सोयाबीन पिकवतो आणि तेल काढून पेंड विकतो, आणि हे लोक तेच तिन्ही त्रिकाळ खातात, तळून, भाजून, परतून. अडचण फक्त एक: कोलंबीची वाटलेली चटणी. ती दोन रूपांत येते, तेरासी आणि पेतिस, आणि सुरबायात पेतिस कशात नाही हे शोधावं लागतं. जावाच्या इतर भागांपेक्षा इथं त्याचा शौक जास्त.

तुम्हाला एक दृश्य सांगतो. संध्याकाळी गल्लीत ताहू तेकवाला येतो. ढकलगाडीवर कढई. टोफू तळतो, आणि कढईतून काढून थेट ताटलीवर कात्रीनं कापतो, कट कट कट. हात थांबला तरी रिकामी कात्री वाजवत राहतो, गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. मग बटाटा, भाताची वडी, मोड आलेले मूग कात्रीनंच. वरून शेंगदाण्याचा रस्सा, आणि त्यात आलंच पेतिस. मी त्याला म्हटलं, माझ्या पाहुण्याला पेतिस नको. त्यानं कात्री खाली ठेवली, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "आजारी आहे का?"

पण दिलं करून. निव्वळ शेंगदाणे, मिरची, लसूण वाटून. तेव्हा आईला घेऊन जाल तिथं तीन गोष्टी आधी सांगा: तेरासी नको, पेतिस नको, सुकी कोलंबी नको. अंडंही वेगळं सांगा, कारण त्यांच्या लेखी अंडं म्हणजे भाजीच. पेचेल हा प्रकार आईला आवडेल, उकडलेल्या पालेभाज्यांवर शेंगदाण्याची तिखट चटणी, तिथंही चटणीचं विचारून घ्यायचं. सेमांगी तर खास सुरबायाचीच: पाण्यात वाढणाऱ्या चार पाकळ्यांच्या पानाची भाजी, वर रताळं आणि शेंगदाण्याची चटणी, केळीच्या पानाच्या द्रोणात. चमचा नाही, तांदळाच्या मोठ्या पापडानं उचलून खायची. विकणाऱ्या बाया पाठीला कापडानं टोपली बांधून फिरतात. घरी स्वयंपाक कराल तेव्हा काहीच अडत नाही, गव्हाचं पीठ मिळतं. गोडा मसाला आणि तिखट मात्र इथून न्या.

लोक. योग्याकर्त्याचे जावानीज फार मऊ, हळू बोलणारे. त्यांना सुरबायाचा माणूस उद्धट वाटतो. मोठ्यानं बोलतो, मित्राला शिवी घालूनच हाक मारतो, मनातलं तोंडावर बोलून मोकळा होतो. आपल्याला दोन दिवसांत सवय होते. कारखान्यात मशीन बंद पडली तर हा माणूस "होईल, होईल" म्हणत तुम्हाला लटकवत नाही. "नाही होत, बेरिंग गेलं" असं सरळ सांगतो. मेन्टेनन्सवाल्याला अजून काय पाहिजे?

---

खामल्याचा_खटपट्या

बापरे, एवढं तर कंपनीच्या माहितीपुस्तिकेतही नाही. इतवारीभाऊ, शंकरनगर वहिनी, दोघांचे आभार. बायकोला दोन्ही वाचून दाखवलं. ती म्हणते दारमोचं बघू, पण भोंग्याच्या बाजूला खिडकी नको.

दोन उपप्रश्न. शहरात फिरायला मेट्रो वगैरे काही आहे का? आणि इतिहासाचं काही? मुलीला आणि आईला रविवारी घेऊन जायला काहीतरी पाहिजे, दर वेळी मॉल नको.

---

कामठी_कॅन्टोन्मेंट

इतिहासाचं मी सांगतो, कारण त्यात आपलीच माणसं आहेत.

१० नोव्हेंबर हा इंडोनेशियात वीरदिन असतो, तो सुरबायाच्या लढाईचा. १७ ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्यलढ्याचे नेते सुकार्नो आणि हट्टा यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. जपान हरलेला, डच परत यायच्या तयारीत. १९ सप्टेंबरला तुंजुंगानवरच्या हॉटेलवर डचांनी आपला लाल-पांढरा-निळा झेंडा चढवला, तर पोरांनी वर चढून खालची निळी पट्टी फाडून टाकली. राहिला लाल-पांढरा, म्हणजे इंडोनेशियाचा. ते हॉटेल आजही आहे, नाव माजापाहित.

ऑक्टोबरच्या अखेरीस तिथं उतरली ती ब्रिटिशांची ४९ वी हिंदी पायदळ ब्रिगेड. काम होतं जपान्यांची शस्त्रं काढून घेणं आणि छावण्यांतल्या कैद्यांना सोडवणं. त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. म्हणजे सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची पोरं, इंफाळच्या बाजूला जपान्यांशी लढून थकलेली, घरी जायची वाट बघणारी, आणि त्यांना उभं केलं दुसऱ्या एका गुलाम देशाच्या स्वातंत्र्याच्या समोर. शहरभर छोट्या छोट्या तुकड्या विखुरलेल्या, चहूकडून हजारो तरुण चालून आले. जपान्यांची बरीच शस्त्रं त्यांच्या हाती आधीच लागली होती. सुकार्नो स्वतः विमानानं आले, युद्धबंदी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी लाल पुलाजवळच्या गोंधळात मारले गेले. मग १० नोव्हेंबरपासून ब्रिटिशांचे रणगाडे, विमानं, जहाजांवरच्या तोफा. तीनेक आठवडे लढाई चालली. मेलेल्या इंडोनेशियनांचा आकडा हजारांत सांगतात. काही हिंदी सैनिक तर पलटण सोडून त्यांच्या बाजूला गेले. हिंदी सैन्य असं वापरण्याला नेहरूंनी जाहीर विरोध केला होता.

आमच्या घरी एक म्हातारे नातेवाईक यायचे, बेळगावात भरती झालेले. बर्माबद्दल तासन्‌तास बोलायचे. जावाचं नाव निघालं की तंबाखूची डबी शोधायला लागायचे. लाल पूल आणि समोरची जुनी इमारत अजून उभी आहे. मुलीला दाखवा आणि सगळं सांगा, फक्त पोरांनी झेंडा फाडला तेवढंच नको.

---

इतवारी_एक्स्प्रेस

कामठीसाहेब, हे लिहिलंत बरं केलंत. तिथं माझ्या सुपरवायझरला मी सांगितलं की मी मराठी आहे, तर तो म्हणाला, "तुमचे लोक आमच्या शहरात येऊन गेले आहेत." मला वाटलं पर्यटक म्हणून म्हणतो आहे.

फिरण्याचं: मेट्रो नाही. बर्डीवरून खापरीला एसी डब्यात बसून जायची सवय मोडावी लागेल. अ‍ॅपवरची मोटारसायकल आणि टॅक्सी, सगळा कारभार त्यावर. लाल रंगाची सुरबाया बस आहे महापालिकेची. २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिकिटाला पैसे चालतच नव्हते. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या द्यायच्या, मोठ्या तीन किंवा लहान पाच. शाळेची पोरं पिशवीत बाटल्या घेऊन थांब्यावर उभी राहायची. नंतर कार्डानं पैसे घ्यायला लागले. कचऱ्याचं त्यांना एकूणच वेड: बेनोवोच्या कचरा डेपोवर २०२१ पासून कचऱ्यातून वीज तयार करणारा प्रकल्प चालू आहे. आपल्या नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोच्या वाऱ्याच्या दिशेला राहिलेल्या माणसाला मी हे दोनदा वाचायला सांगीन.

रविवारसाठी आणि खास तुमच्या आईसाठी एक जागा. राज्यपालांच्या जुन्या डच वाड्यासमोर आप्सारी नावाची बाग आहे, तिच्या मागल्या अंगाला एका झाडाखाली बुद्धाची मूर्ती बसलेली. अक्षोभ्य बुद्ध, लोक तिला जोको दोलोग म्हणतात. बैठकीवर चहूबाजूंनी संस्कृत लेख कोरलेला आहे, इसवी सन १२८९ चा. मजकूर असा की आर्य भराड नावाच्या सिद्धपुरुषानं भांडणाऱ्या दोन राजपुत्रांसाठी जावाची वाटणी करून दिली, कलशातल्या मंतरलेल्या पाण्यानं सीमा आखून, आणि नंतरच्या राजानं ते दोन्ही भाग पुन्हा एक केले. आजूबाजूला मुसलमान वस्ती, पण मूर्तीपुढं फुलं आणि उदबत्ती कायम. राखणारा माणूसही मुसलमानच होता मी असताना. आमच्या लष्करीबागेतले एक काका कंपनीच्या कामानं आले होते, दरवर्षी न चुकता दीक्षाभूमीला जाणारे. त्यांना तिथं घेऊन गेलो. त्यांनी पंचशील म्हटलं, राखणदार बाजूला हात बांधून उभा राहिला, आणि मग दोघांनी कितीतरी वेळ खाणाखुणांनी गप्पा मारल्या. कशाच्या, ते मला दोघांनीही सांगितलं नाही.

सुकार्नो याच शहरातले, जन्म १९०१. पेनेलेह भागात गल्ली नंबर सातमध्ये स्वातंत्र्यलढ्यातले जुने नेते चोक्रोआमिनोतो यांचं घर आहे, तिथं शाळकरी सुकार्नो भाड्यानं राहायचे. छोटंसं घर, वर चढायला शिडी. पोरीला ते आवडेल. त्याहून जास्त आवडेल नदीकाठी जमिनीवर आणून ठेवलेली खरी रशियन पाणबुडी, आत शिरून बघता येते.

---

शंकरनगर_चौक

ब्रोमो राहिलंच की! पहाटेसाठी आदल्या मध्यरात्री निघावं लागतं. वर कडाक्याची थंडी असते, आईची शाल आणि पोरीची टोपी नागपूरहून न्या, तिथं शहरात गरम कपडे कोणी ठेवत नाही.

आणि मदुरा बेट. समुद्रावरचा पूल साडेपाच किलोमीटरच्या आसपास आहे, २००९ मध्ये झाला, आता टोलही नाही. तिकडं बैलांच्या शर्यती असतात, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. दोन बैलांमध्ये लाकडी फळी अडकवलेली आणि तिच्यावर लहानसा पोरगा उभा. माझे सासरे भंडाऱ्याचे, शंकरपटाचे शौकीन. त्यांना व्हिडिओ पाठवला तर फोन करून म्हणाले, "बैल चांगले आहेत, पण खायला काय घालतात ते विचार." मी विचारलं. कोंबडीची अंडी आणि औषधी काढा, शर्यतीच्या आधी रोज. सासऱ्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

---

तर्री_एक्स्ट्रा

खटपट्याभाऊची आई अंडं खात नाही आणि तिकडचे बैल खातात. कमाल आहे बे.

---

खामल्याचा_खटपट्या

😂 हे आईला वाचून दाखवत नाही.

शेवटचं: शाळेचं वर्ष कधी सुरू होतं? आमचं जाणं मार्चअखेरीस ठरून राहिलं आहे.

---

शंकरनगर_चौक

स्थानिक शाळा जुलैमध्ये सुरू होतात. मार्चला गेलात तर मुलगी मधल्या सत्रात पडेल. इंग्रजी माध्यमाच्या शाळा घेतात मध्येच, पण प्रवेशाची फी पूर्ण लावतात, ती कंपनी भरणार का हे आधी विचारा. नाहीतर तुम्ही मार्चला एकटे जा, घर बघा, भोंगा कुठल्या बाजूला आहे ते बघा, आणि बायको-मुलीला जूनमध्ये न्या. तिची इकडची तिसरीची परीक्षाही होऊन जाईल.

---

इतवारी_एक्स्प्रेस

वहिनींचं ऐका. आणि एकटे असाल त्या तीन महिन्यांत दारमोच्या मागच्या एखाद्या गल्लीत खोली घेऊन राहून बघा, कोस्त म्हणतात, महिन्याच्या भाड्यानं मिळते. नवीन गल्लीत गेलं की पहिल्याच दिवशी प्रमुखाकडं पासपोर्टची झेरॉक्स द्यायची, ती चार-पाच प्रती काढूनच न्या. व्हिसाच्या कागदांसोबत ठेवू नका, वेगळ्या फाइलमध्ये.

---